झेलणारा कुत्रा

आते चोलेंगला मी चाळीस वर्षं ओळखतो, आणि या चाळीस वर्षांत ती काळजीशिवाय बसलेली मी एकदाही पाहिलेली नाही. चर्चला निघाली की चूल विझली का ते बघायला दोनदा मागे फिरते. तिसऱ्यांदा मला पाठवते. सरोवरावर ढग आला की स्वतःचे वाळत घातलेले कपडे काढते आणि न विचारता माझ्या बायकोचेही काढून आणते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला आते, म्हणजे ताई, म्हणतो. तिला म्हणण्यासारखे दुसरेही शब्द माझ्याजवळ आहेत, पण ते राहू देत.

आमचं पाएते गाव लाकूड कोरणाऱ्यांचं. तिचा नवरा तेम्यो, ज्याला मी कुया, म्हणजे दादा, म्हणतो, संतांच्या मूर्ती कोरतो. ती स्वतः कागदी घोडे करते. लाकडी साच्यावर खळीनं कागद चिकटवायचे, वाळले की कापून सोडवायचे, पुन्हा जोडायचे आणि तांबडा रंग द्यायचा. आयुष्यभर कागदी घोडे केले, पण ते नाचवणं काही तिला जमलं नाही. सरकारी कागद आला की तो घेऊन ती माझ्याकडे येते. मी ट्रायसिकल चालवतो, म्हणजे मोटारसायकल आणि तिला बाजूनं जोडलेला पत्र्याचा डबा, म्हणून सगळीकडे मलाच ओळख आहे असं तिला वाटतं.

जुलैत मनिलाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तेम्योच्या हृदयाची झडप झिजली आहे, छाती उघडावी लागेल. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार ठरला.

"इतके संत मी पटाशीनं उघडले," तेम्यो म्हणाला, "आता माझी पाळी."

तो हसला. चोलेंग हसली नाही. तिनं जेवण टाकलं. त्या आठवड्यातले सगळे घोडे तिरळे निघाले.

यात तेल ओतलं माझ्या बायकोनं. आमच्याकडे एक शब्द आहे, सालो. सालो म्हणजे झेलणं. चेंडू झेलतात तसं माणसावर येणारं मरण घरातलं जनावर झेलतं, असं आमच्यात मानतात. लुरिंग घोडे रंगवायला मदत करत होती आणि तोंड चालू होतं. "माझ्या भाच्याची बस उलटली, त्याला खरचटलंसुद्धा नाही. आणि घरी येऊन बघतो तर मांजर मरून पडलेलं! झेललं बिचाऱ्यानं."

चोलेंगचा कुंचला थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात. "बादोंग, मला कुत्रा हवाय. मोठा."

"मोठा कशाला? माझ्या मेव्हण्याकडे पिल्लू आहे."

"पिल्लू काय झेलणार? सर्दी?"

"मग तो फाटकापाशी असतो तो म्हातारा..."

"तो आपल्याच मरणानं आधी गेला तर? तरणा हवा."

गावात कुणी देईना. कुत्रा कशासाठी हवाय ते लुरिंगच्या कृपेनं सगळ्या गल्लीला कळलं होतं. शेजाऱ्याचा जीव वाचावा असं सगळ्यांनाच वाटतं, पण त्यासाठी आपला कुत्रा कोण देतो? तेव्हा सरोवराच्या पलीकडच्या अंगाला बेवारशी कुत्र्यांचं आश्रयस्थान आहे, तिथे तिला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तेम्योला सांगितलं, राखणीला कुत्रा आणतो.

तिथे मिस हायसिंथ नावाची मुलगी होती, पायात रबरी बूट, अंगभर कुत्र्यांचे केस. तिनं एक लांबलचक अर्ज पुढे केला. घराला कुंपण आहे का, पंखा आहे का, कुत्रा कुठे झोपेल. मी सांगत गेलो, चोलेंग लिहीत गेली. शेवटचा प्रश्न होता, कुत्रा कशासाठी हवा?

"राखणीला, लिही," मी कुजबुजलो.

"खोटं? खाली सही करायचीय," ती म्हणाली, आणि तिनं लिहिलं : झेलायला.

मी डोळे मिटले. हायसिंथनं वाचलं आणि टाळीच वाजवली. "नानाय," तिनं चोलेंगला हाक मारली, नानाय म्हणजे आई, "खेळायला हवाय तुम्हाला! सगळे येतात ते राखणीसाठी मागतात. आमच्याकडे आहे ना झेलणारा, थांबा!"

तिनं आणला तो कुत्रा नव्हता, वासरू होतं. जेमतेम वर्षाचा, पण डोकं माझ्या कमरेला लागत होतं. पिवळा अंगरंग, एक कान उभा, एक पडलेला. नाव ठेवलं होतं पांडाक, म्हणजे बुटक्या. हायसिंथनं चेंडू उंच फेकला. बुटक्यानं चारही पाय जमिनीवरून उचलले आणि खटकन झेलला.

"शंभर टाका, शंभर झेलतो. एकसुद्धा सोडत नाही."

"एकसुद्धा नाही?" चोलेंगनं विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी ट्रायसिकलच्या टायरमधली हवा तपासली.

"साखळीनं बांधायचं नाही बरं का, नानाय. महिन्यानं मी बघायला येईन."

"साखळी कशाला? माझ्या नवऱ्याच्या खाटेखाली झोपेल."

ते ऐकून त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना तिनं चेंडूही दिला.

येताना पांडाक डब्यात बसला आणि चोलेंग अर्धी बाहेर. वाटेत त्यानं तिच्या मांडीवर डोकं टाकलं. ती दीड तास हात वर धरून बसली, त्याला लागू नये म्हणून.

घरी तिची आणि त्याची गंमत बघण्यासारखी होती. गंमत म्हणायची आपली. त्याला ती कधी नावानं हाक मारायची नाही. "अरे ए" म्हणायची. हात लावायची नाही. खायला मात्र भात, मासा, कोंबडीची काळिजं. "अशक्त राहिला तर काय कामाचा?" म्हणायची. मी म्हटलं, "बळीच्या बकऱ्याची चंगळ आहे." तिनं रंगाचा डबाच माझ्या अंगावर टाकला, तो शर्ट अजून तांबडा आहे.

तेम्योचा मात्र जीव जडला. ऑगस्टच्या सणासाठी तो सान रोकेची मूर्ती करत होता. त्या संताच्या पायाशी नेहमी कुत्रा असतो. दरवेळी तो आठवणीतून कोरायचा, यंदा समोर जिवंत नमुना. पांडाक लाकडाच्या भुशात पसरायचा आणि तेम्यो छातीवर एक हात ठेवून, दम खात, त्याचा पडलेला कान कोरायचा. चोलेंग खिडकीतून दोघांकडे बघायची आणि आत निघून जायची.

ऑपरेशनला चार दिवस राहिले. रविवारी सकाळी पांडाकनं काळिजाला तोंड लावलं नाही. दुपारी ओकला. संध्याकाळी खाटेखाली शिरला तो बाहेर येईना.

सोमवारी सकाळी गल्ली गोळा झाली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर एक तरतरी होती, लॉटरीचा पहिला आकडा जुळल्यासारखी. लुरिंगनं चोलेंगचा हात धरला. "सुरू झालं, आते. झेलतोय तो. आता मध्ये पडू नकोस. डॉक्टरबिक्टर अजिबात नाही."

मीही तेच म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण म्हणालो. "कुयाचा विचार कर, आते."

तिनं आमच्याकडे बघितलंही नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली, हातात एक अर्धा रंगवलेला घोडा. आतून कुत्र्याचं कण्हणं ऐकू येत होतं आणि त्यावर तेम्योचा आवाज, "काय झालं रे बाळा? पाणी पी थोडं." दर कण्हण्याला चोलेंगचे ओठ हलायचे. प्रार्थना म्हणत असेल. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

दहाच्या सुमारास ती माझ्या दाराशी आली.

"ट्रायसिकल काढ."

"कुठे?"

"जनावरांच्या डॉक्टरकडे."

"आते, तो बरा झाला आणि..."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "रात्रभर मी त्याच्या मरणाची वाट बघत बसले, बादोंग. त्यानं खाटेखालून हात चाटला माझा. काढ म्हणते ना!"

शेजारगावच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, यंत्रानं बघितलं, आणि लगेच कापलं. पोटातून निघाली सान रोकेची दोन बोटं, गुळगुळीत पॉलिश केलेली. पांडाकनं संताचा हातच चघळला होता. अजून एक दिवस गेला असता तर आतडं फाटलं असतं, डॉक्टर म्हणाला. तरी वाचेलच असं तो सांगेना. चोलेंग तिथल्या बाकावर बसून रडली, आधी कुत्र्यासाठी, मग नवऱ्यासाठी, मग दोघांसाठी एकदम.

तेम्योला बोटं दाखवली तेव्हा तो म्हणाला, "एवढा आतून आशीर्वाद अजून कुणाला मिळाला नसेल."

मंगळवारी टाके घातलेला पांडाक माझ्याकडे आणला. बुधवारी ती दोघं मनिलाला निघाली. गाडीत बसायच्या आधी तेम्योनं मला बाजूला घेतलं. "त्याला जप. माझ्यासाठी आणला होता ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळी गल्ली बोलते. माझी झडप बिघडलीय, कान नाही."

"मग काही म्हणाला का नाहीस?"

"तिला धरायला काहीतरी हवं होतं," तो म्हणाला. "आता तेही सोडून दिलंय तिनं. मला ऑपरेशनची नाही, तिची भीती वाटते रे."

गुरुवारी सकाळी आठला फोन आला. "आत नेलं त्यांना," चोलेंग म्हणाली. "तो काय करतोय?"

"पडलाय. लुरिंगनं पेज केली होती, दोन चमचे घेतली."

"दोनच?"

"दोन."

"ओकला?"

"नाही."

"बादोंग, त्याच्या कानाला फोन लाव."

"आते, शहाणी ना तू?"

"लाव!"

मी गुडघ्यावर बसलो आणि त्या पडलेल्या कानाला फोन लावला. एवढ्या जवळून मलाही ऐकू येत होतं. तिनं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली.

"पांडाक, मी बोलतेय. ऐक, शहाण्या. काही आलं अंगावर, तर झेलू नकोस. तुझं नाही ते. जाऊ दे तसंच, पडू दे. झेलायचं नाही, कळलं?"

पांडाकनं शेपटी एकदा जमिनीवर आपटली. लुरिंग दारात उभी होती, ती मान खाली घालून स्वयंपाकघरात गेली.

तो दिवस कसा काढला ते माझं मला ठाऊक. दर घटकेला मी कुत्र्याचं पोट हलतंय का बघायचो, आणि हलताना दिसलं की तेम्योची काळजी वाटायची. मग स्वतःचाच राग यायचा. दुपारी चारला फोन वाजला. तेम्यो शुद्धीवर आला होता. पाणी मागण्याआधी त्यानं पटाशी मागितली, म्हणे.

हायसिंथ ठरल्याप्रमाणे महिन्यानं आली. तेम्यो आरामखुर्चीत, छातीवर उशी धरून, आणि त्याच्या पायांवर पांडाक, पोटावरचे केस नुकते उगवत असलेला. पोरीला केवढा आनंद झाला. पिशवीतून नवा चेंडू काढून तिनं त्याच्यापुढे उंच फेकला.

पांडाकनं मान वर केली. चेंडू वर गेला, खाली आला, त्याच्या नाकासमोरून पडला आणि घरंगळत कागदी घोड्यांत गेला. तो जागचा हलला नाही.

हायसिंथनं पुन्हा फेकला. त्यानं पुन्हा पडू दिला.

"नानाय, असं कसं?" ती बिचारी गोंधळली. "हा तर एकसुद्धा सोडत नव्हता. विसरला की काय?"

चोलेंग घोड्याला डोळा काढत होती. तिनं घोड्यावरून कुंचला उचललाही नाही.

"विसरला नाही," ती म्हणाली. "मीच सांगितलंय त्याला."