अंजली ओव्हाळ विरुद्ध अंजली ओव्हाळ

अंजली ओव्हाळ आमच्या पिंपळे गुरवची. वडील कंपनीत टर्नर, पोरगी रसायनशास्त्रात डॉक्टर. प्रदूषण खात्यात शास्त्रज्ञ म्हणून लागली आणि पहिल्याच वर्षी तिनं महाळुंग्याच्या कौशल्याबाईंच्या विहिरीचं पाणी तपासलं. पाणी पिवळं पडलं होतं. शेजारच्या प्लेटिंगच्या कारखान्याचं विषारी क्रोमियम जमिनीत मुरून त्यात उतरलं होतं. कारखाना ताबडतोब बंद करावा, असा अहवाल तिनं वर पाठवला.

सरकारी 'ताबडतोब'ला सतरा वर्षं लागली. फाइल अभिप्रायासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली आणि अंजली बढत्या घेत वर चढत राहिली. शेवटी दोघींची गाठ पडली ती अंजलीच्याच केबिनमध्ये. आता निर्णय देणारी अधिकारी तीच होती.

तिचा कारकून नवनाथ नियमाचा पक्का. अहवाल देणाऱ्या शास्त्रज्ञाचं म्हणणं ऐकल्याशिवाय निर्णय देता येत नाही, हे त्यानं कलमासकट दाखवून दिलं. मग अंजलीनं अंजलीला नोटीस काढली. सुनावणीच्या दिवशी नवनाथनं व्हरांड्यात तीनदा नाव पुकारलं. मॅडम उठल्या, बाहेर गेल्या आणि हजर म्हणत आत आल्या. कारखान्याच्या वकिलानं हरकत घेतली नाही. त्या बिचाऱ्याला फक्त पुढची तारीख हवी होती.

समोरच्या खुर्चीत बसून अंजली तावातावानं बोलली. मग टेबलाला वळसा घालून अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसली, तर शास्त्रज्ञ बाई फारच पाल्हाळ लावतात असं तिला वाटलं. नमुना जुना आहे, असं तिनं सुनावलं. पुन्हा समोर जाऊन विचारलं, जुना कुणी होऊ दिला? नवनाथ दोघींचं इमानेइतबारे लिहून घेत होता.

अखेर अधिकाऱ्याच्या खुर्चीत तिचा हात सवयीनं चालू लागला आणि तोंडानं ती मोठ्यानं वाचू लागली: ताजा नमुना घेऊन फेरसादर करावे.

साक्षीला आलेल्या कौशल्याबाई कोपऱ्यातून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "त्या खुर्चीतल्या बाई बऱ्या हायेत. तुमी न्हाई."

अंजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कागद फाडला आणि उभ्याउभ्याच कारखाना बंद करण्याचा हुकूम लिहिला. उभ्यानं लिहिलेला हुकूम चालतो का, हे नवनाथ नियमात शोधू लागला.

"मंग हिरीचं पानी कवा प्यायचं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

अधिकाऱ्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. शास्त्रज्ञाला होतं.

"तुमच्या नातवंडांची पोरं पितील, मावशी," अंजली म्हणाली.