आईची खाज

माझी आई कशाने गेली असं कुणी विचारलं, की आमच्या घरातले सगळे ‘पोटाच्या कॅन्सरने’ असं सांगतात. मावशी सांगते, मामा सांगतो, माझा नवरासुद्धा तेच सांगतो. तिच्या पोटाला काहीएक झालं नव्हतं, दगड पचवले असते तिने. तिला खाली, लघवीच्या जागी खाज होती. वर्षानुवर्षं होती, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. लिहिलं बघा. हात काही झडला नाही माझा.

तेव्हा आम्ही अंबरनाथला चाळीत राहायचो. बाबा कंपनीत, आणि आई उल्हासनगरच्या एका शेठकडून शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे आणून घरी बसून त्यांचे धागे कापायची. मध्येच कात्री टाकून उठायची, मोरीचं दार लावून घ्यायची, आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. तिची पाळी गेली आणि त्यानंतर हे सुरू झालं. काय काय नाही केलं तिने! कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने धुतलं, मिठाच्या पाण्यात बसली, खोबरेलात कापूर घालून लावला आणि भिंत धरून दातओठ खात उभी राहिली. कपड्याच्या साबणाने घासायची. जेवढं घासावं तेवढी खाज वाढायची. मेडिकलमधून गजकर्णाचं मलम आणायची, ‘पायाला हवंय’ म्हणून.

मी कॉलेजात होते आणि मला वाटायचं मला सगळं कळतं. एकदा हट्टाने तिला उल्हासनगरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, ‘टेबलावर झोपा, बघते.’ आई जागची हलली नाही. ‘गोळ्या द्या, तपासायचं नाही.’ बाईंनाही बाहेरची गर्दी दिसत होती. अंगावरून पांढरं जातं त्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घंटी वाजवली. बाहेर आल्यावर मी आईवर उखडले. मला जन्म दिलास तेव्हा कुठे गेली होती ही लाज? ती पदर सावरून चालू लागली. मी लाजच समजले. बाकी काय समजणार!

आम्ही बौद्ध. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, मुहूर्त बघत नाहीत, आणि याचा केवढा तोरा असतो आम्हाला! पण कोड बघतात. बदलापूरहून मला बघायला आले, तेव्हा मुलाच्या आत्याने ‘बांगडीचं माप बघू गं’ म्हणत माझी बाही कोपराच्या वर सरकवली. मग पैंजणाचं निमित्त काढून पाय बघितले. अस्सा राग आला होता मला! आई दारात उभी होती, घामाने डबडबलेली. तिच्या एका चुलत बहिणीला कोड होतं. त्या घरातल्या पोरींची लग्नं जमता जमेनात. एकीचं जमलं, साखरपुडा झाला, आणि मोडलं. आईने हे सगळं जवळून पाहिलेलं.

माझं लग्न झालं. मी म्हटलं, आता तरी चल दवाखान्यात. ‘तुला एक मूल होऊ दे, मग.’ मुलगी झाली. बाळंतपणात आई तिला पायांवर घेऊन तेल लावायची, तेव्हा बोटांच्या बेचक्या, कानांच्या मागे, ओठांच्या कडा, सगळं उजेडात धरून निरखायची. मी आपली कौतुकाने बघत बसायचे. माझी बया काय शोधत होती ते मला काय माहीत!

पुढे बाबा गेले आणि आई माझ्याकडे सोनिवलीला राहायला आली. एक दिवस तिच्या परकराला रक्त दिसलं. पाळी जाऊन जमाना झालेल्या बाईला रक्त! मी काही भांडत बसले नाही. रिक्षा केली आणि तिला बदलापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. या बाई तरुण होत्या, पण खमक्या. ‘आजी, बघितल्याशिवाय मी एक गोळी देणार नाही.’ आई मला म्हणाली, ‘तू बाहेर थांब.’ मी थांबले नाही.

बाईंनी बघितलं, मीही बघितलं. तिथली कातडी पांढरी पडली होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, ठिकठिकाणी चिरलेली. आणि एका बाजूला जखम, चांगली खोल.

‘हे पांढरं कधीपासून आहे, आजी?’

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, ‘हिच्या लग्नाच्या आधीपासून. बाई, पाया पडते, कुणाला सांगू नका. आमच्या घरात कोड आहे.’

मी तिथल्या स्टुलावर बसले.

‘आजी, हे कोड नाही,’ बाई म्हणाल्या. ‘कोडाला अशी खाज नसते, कातडी अशी चिरत नाही.’ हा वेगळाच आजार, म्हणाल्या. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो, एकीचा दुसरीला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. डॉक्टरने तपासून दिलेलं मलम सांगितलं तसं लावायचं, साबण बंद, नुसत्या पाण्याने धुवायचं, आणि दर वर्षी दाखवायचं, कारण थोड्या जणींना त्या जागी कॅन्सर होऊ शकतो. बाई सांगत होत्या आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, मलम! एका मलमाचं काम होतं! बाईंनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट आला त्या दिवशी त्यांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर आहे, जांघेतल्या गाठीही हाताला लागतायत, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलावर वाकून विचारलं, ‘पण बाई, कोड नाही ना? नक्की?’

‘नाही, आजी.’

‘म्हणजे नातीला काही नाही.’ आणि ती हसली हो! शाळेत पास झालेल्या पोरीसारखी हसली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मुंबईच्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

रिक्षात बसल्यावर माझा बांध फुटला. ‘अगं, असतं कोड, तर काय आभाळ कोसळलं असतं? कोडाने माणूस मरतं का?’

‘तुझं लग्न झालं नसतं.’

‘नसतं झालं तर नसतं झालं! तू तर धड राहिली असतीस ना!’ मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम.

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. आईने पदर पुढे ओढला आणि माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला.

‘हळू बोल,’ ती म्हणाली. ‘लोक ऐकतील.’