पाया पडता, पाय बघता का?

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. महानंदाआक्कांच्या मुलाचा फोन. "आई गेली, वैनी. चहा पिता पिता छातीत दुखतंय म्हणाली... तेवढंच." तव्यावरची भाकरी करपून गेली. ओसरीवर मामा, म्हणजे माझे सासरे, गावाचे तात्या, रोजच्यासारखे पायाखाली आरसा धरून तळवा बघत बसले होते. त्यांना सांगितलं. त्यांनी आरसा खाली ठेवला, पुन्हा उचलला, दुसऱ्या पायाचा तळवा नीट बघून घेतला, आणि म्हणाले, "चल. जायला पायजे."

याला आता दीड महिना झाला. तेवढ्यात एकच वाक्य ऐकून ऐकून कान किटले: जगाचे पाय जपले, पण स्वतःचं काळीज जपायचं राहिलं. बोलायला बरं वाटतं म्हणून लोक बोलतात. माझं मात्र डोकं फिरतं. त्या बाईनं काळीज वापरून संपवलं, आणि ज्यांच्यासाठी वापरलं त्यातलेच अर्धे आता हळहळ करत फिरतायत.

आक्का मूळच्या मुरुमच्या, कानडी सीमेलगतच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, उभी हयात जखमा धुण्यात गेली. रिटायर झाल्यावर पोथी वाचत बसायचं सोडून त्या सोलापुरात पायांच्या एका डॉक्टरांच्या हाताखाली वर्षभर शिकल्या, आणि मग स्कुटीला बॅग अडकवून आमच्या तामलवाडीच्या आसपास घरोघर फिरायला लागल्या. शुगरवाल्यांचे पाय तपासायचे, नखं सरळ कापायची, कुरूप, टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचकीतली ओल बघायची. गावानं नाव पाडलं 'पायवाली बाई'. पाडलं ते चिडवायलाच. आक्कांनी पेंटरला बोलावून तेच नाव स्कुटीवर पुढं, ठळक अक्षरात काढून घेतलं. "आता चिडवा की," म्हणाल्या.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मामा कडाडले, "माझ्या पायाला काय धाड भरलीय?" आक्का त्यांच्याशी भांडल्याच नाहीत. माझ्याकडं वळल्या. लग्नाला किती वर्षं झाली? सतरा. यांच्या पाया पडता? म्हटलं, पडते की, सणावाराला, गावाला जाता-येता. "मग यांचा तळवा कसा हाय, सांगा बरं." सतरा वर्षं ज्या पायांवर डोकं टेकवलं त्यांची खालची बाजू मी एकदाही बघितली नव्हती. "असंच हाय बघा सगळ्या घरांत," आक्का म्हणाल्या. "पाया पडता लई, पाय बघता का कुणी?" मला ते असं लागलं की त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

मामा शेवटी कसेबसे तयार झाले. आक्कांनी त्यांना डोळे मिटायला लावले. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवणार, कळलं की 'व्हय' म्हणायचं. आक्का कानडीत बोटं मोजत होत्या, ओंदु, येरडु, मूरु... आणि मामा ऐटीत 'व्हय, व्हय' करत होते. पाच-सहादा झाल्यावर आक्का म्हणाल्या, "तात्या, अजून मी हातच लावला न्हाय!" मी पदर तोंडात कोंबला. मामांचं तोंड मात्र उतरलं. त्यांच्या दोन्ही तळव्यांना काहीच कळत नव्हतं.

आणि हाच माणूस दर कोजागरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा. तरुणपणापासूनचा नेम. सोलापूरकडून येणाऱ्या माणसांची रांग आमच्या दारावरून जाते, मामा तिच्यात मिसळायचे. आक्कांनी बजावलं, चालायचं तर बूट घालून चाला, न्हायतर गाडीनं जा. मामा 'बरं' म्हणाले आणि कोजागरीच्या दुपारी आमचा डोळा चुकवून निघून गेले. ऑक्टोबरचं ऊन, तापलेलं डांबर...

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले ते कपाळभर मळवट भरून, खुशीत. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून देवघरात. फरशीवर लाल ठसे उमटत गेले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्यांना वाटलं देवीचं कुंकू सांडलं. त्या खाली वाकल्या, बोट लावलं आणि ते कपाळाला टेकवलं. मीही वाकले. ठसा ओला होता. मी ओरडले. मामा म्हणतायत, "काय झालं? मला तर काय दुखंना." दुखत नव्हतं, हाच तर आजार होता! आणि आम्ही घरातल्या दोन बायका त्या रक्ताला नमस्कार करत होतो. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण लिहिणार. आक्कांनी सांगितलं असतं, लिहा म्हणून.

जखम चिघळली. तालुक्याच्या एका दवाखान्यात सांगितलं, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. माझे मालक सही करायला निघाले होते. आक्का तिथं येऊन उभ्या राहिल्या, कागदावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पायात रक्त उतरतंय का, ते आधी तपासलंय का? न्हाय ना? मग कापायचं बोलू नका." त्यांनी मामांना तिथून उचललं आणि आपल्या गुरूंकडं सोलापूरला नेलं. करंगळी गेली. पाय राहिला. पुढं अडीच महिने त्या रोज आमच्या दारात. जखम धुवायला त्यांनी मला बसवलं. पहिल्या दिवशी मला कोरड्या उलट्या झाल्या. आत्याबाई म्हणाल्या, सुनेनं सासऱ्याचा पाय असा मांडीवर घ्यायचा म्हणजे... आक्का म्हणाल्या, "डोकं ठेवलेलं चालतं, मांडीवर घेतलेला चालत न्हाय व्हय?" आत्याबाई उठून आत गेल्या आणि गरम पाणी घेऊन आल्या. त्यावरही बोलणी बसली. बधिर पायाला गरम पाणी न्हाय, कोमट, आणि तेसुद्धा आधी कोपरानं बघून!

पुढच्या कोजागरीला मामा निघाले ते मऊ तळाचे सँडल घालून. पारावर कुणीतरी टोमणा मारलाच, देवीला चपला घालून निघाला काय तात्या? आक्का शेजारी होत्या, त्यांच्या पायात बूट. "तिनं दिलेला पाय तिच्याच वाटंवर नासवायचा, ही कुठली भक्ती?" एवढं बोलून चालू लागल्या. मामांच्या शेजारी, देवळाच्या पायरीपर्यंत.

आक्कांच्या मातीला मीही गेले. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. मामा सँडल घालून तसेच आत चालले. एक जण पुढं आला, "तात्या, मातीला आलाव. काढा की." मामा थांबले. आयुष्यात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, ते तिथं बघितलं.

"काढत न्हाय," ते म्हणाले. "हितं काटा मोडला तर मला कळायचा न्हाय. ज्या बाईला कळला असता ती ही समोर निजलीय."

मामांनी माती टाकली, सँडल घालूनच.

आक्कांनी दिलेला तो आरसा साधाच, दाढीचा, लाल प्लास्टिकच्या कडेचा. परवा मी माहेरी, भूमला निघाले होते. एसटीची वेळ झाली, म्हणून घाईनं मामांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागं घेतला. मला वाटलं, काही चुकलं का... त्यांनी पाय उलटा करून गुडघ्यावर घेतला आणि आरसा माझ्या हातात दिला.

"आधी बघ," म्हणाले, "मग पड."

मी खाली बसले. ओसरीवर शेजारची माणसं होती, ती बघत होती. बघू देत. आक्कांसारखी बोटं मोजली, ओंदु, येरडु, मूरु, नाल्कु. बेचक्या कोरड्या होत्या, टाच मऊ होती, कुठं लाली नव्हती. सगळा तळवा बघून झाल्यावर मी त्यावर डोकं टेकवलं. एसटी गेली. दुसरीनं गेले.