जेवणानंतरची गोळी

ज्योतीराम चाकणच्या कांदा मार्केटात मापाडी. काट्यावर अर्ध्या किलोचा फरक पडला तरी पोतं खाली उतरवायला लावणारा. आषाढात त्याच्या छातीत कळ आली आणि जवळच्याच दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशी घरी! हातात काय, तर गोळ्यांची पिशवी आणि चिठ्ठी: सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. त्याच्या बायकोनं, सोजराबाईनं विचारलं, "साहेब, पथ्यपानी काय?" डॉक्टर चालता चालता म्हणाले, "चिठ्ठीत लिहिलंय सगळं." आता बोला!

नवरात्र बसलं. ज्योतीरामाचे नऊ दिवसांचे उपास बावीस वर्षांत कधी मोडले नव्हते. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. हा झाला फराळ, जेवण नव्हे.

"जेवानच न्हाई, तर जेवल्यावरची गोळी कशी घ्यायची?" तो म्हणाला.

सोजराबाईलाही पटलं. तिनंच पिशवी उचलून फडताळात ठेवली. सातव्या माळेला ज्योतीराम ओट्यावर कोसळला.

या खेपेला तिच्या बहिणीचा नवरा रंगराव गाडी घेऊन आला आणि थेट पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. त्याच्याही हृदयाच्या नळीत वर्षापूर्वी तिथंच स्प्रिंग बसवलेली. ज्योतीराम वाचला. पण गोळ्या बंद झाल्यामुळे स्प्रिंगमध्ये रक्ताची गुठळी धरली होती. "हृदय निम्मंच चालतंय," डॉक्टर म्हणाले. "मार्केटची दगदग आता कायमची बंद."

मग अनिता सिस्टर स्टूल ओढून सोजराबाईसमोर बसली. हातात वही, तोंडात पहिलाच प्रश्न: "मावशी, काका उपास करतात का? केला तरी गोळी चुकवायची नाही. फराळ झाला की घ्यायची."

सोजराबाईचा संताप संताप झाला. "आत्ता इचारताय व्हय? आत्ता? तिकडं कुनाच्या तोंडाला काय झालं होतं?" बिचाऱ्या सिस्टरचा काय दोष! पण जिनं विचारलं तिच्यावरच सगळं निघालं.

रंगराव खाली बघत पुटपुटला, "मलाबी पहिल्याच दिवशी हेच इचारलं होतं."

"मग दाजी, एका शब्दानं सांगायचं न्हाई? आषाढात भेटायला आलावता की!"

"मला वाटलं, सगळीकडंच सांगत्यात."

चाकण ते पिंपरी, तासाभराचा रस्ता. सोजराबाईनं पदर तोंडाशी धरला. "पिशवी मी ठिवली ओ फडताळात," ती म्हणाली. "माझ्या ह्या हातानं."