टाकीतल्या जंतूंचा दिवाळसण
गूळ चिरताना घरभर वास सुटला की मला माझा पहिला दिवाळसण आठवतो. तेव्हा हडपसरच्या एका कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचं थोर काम माझ्याकडे होतं. पाण्यातली घाण खाणारे जंतू आम्ही टाकीत पाळलेले असत. दिवाळीत कारखाना बंद, म्हणजे त्यांची उपासमार. ते मेले तर सुट्टीनंतर पाणी तसंच घाण नाल्यात जाणार आणि प्रदूषण मंडळ कारखान्याला टाळं ठोकणार. म्हणून ऐन पाडव्याला, विश्रांतवाडीला सासुरवाडीच्या ताटावरून उठून मी सासूबाईंकडे गुळाची ढेप मागितली. "जावईबापू, आम्ही अंगठी करून ठेवली होती," सासरे म्हणाले. कारण ऐकल्यावर मात्र तेच माझ्या स्कूटरवर मागे बसले, मांडीवर ढेप आणि वाटेत गोठ्यातून घेतलेलं शेण सांभाळत. दोन्ही कालवून टाकीत ओतलं, थोड्या वेळाने बुडबुड्यांतून ओल्या मातीसारखा वास आला, म्हणजे जंतू जिवंत होते, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घरी परतल्यावर सासरे आपल्या लेकीला म्हणाले, "तू निश्चिंत राहा. जंतूंना उपाशी ठेवत नाही, तो तुला काय ठेवतोय." आता माझ्या मुलीला स्थळं येतात, सगळी आयटीतली. सुट्टीत तुमच्यावाचून कोण उपाशी राहतं, हे त्या मुलांना विचारायचा धीर मात्र मला होत नाही.