घासून ठेवलेले ताट

‘हे कुणाचं?’ बेसिनवर विसरलेला चमचा असो वा पडद्यावरची कोडची ओळ, मॅडम बोट दाखवून एकाच सुरात विचारत. तुमच्याही ऑफिसात असे एखादे माणूस असेल. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात त्या सर्वांत अनुभवी. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असे. ती सापडेना, की त्या आम्हालाच रागावत.

त्या वर्षी एका कॉलेजच्या प्रवेशअर्जांची वेबसाइट आमच्याकडे होती. वेब सर्व्हर म्हणजे मागणी आली की पान पाठवणारा प्रोग्रॅम. त्याला जोडलेले, अर्ज तपासणारे एक छोटे मॉड्यूल मी लिहिले होते. अर्ज वाढले, की सर्व्हर कोसळे. मुदतीला तीन दिवस उरले होते आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती.

‘रीस्टार्ट मारू ना, मॅडम?’

‘तो उठेल रे. पण का पडला, ते कसं कळेल?’

त्यांनी कोड कागदावर छापून घेतला. मेमरी म्हणजे कामापुरती मिळालेली जागा. ती कोणी घेतली आणि कोण सोडणार, हे त्या प्रत्येक ओळीसमोर लिहीत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पेन्सिल थांबली.

‘ही जागा तू सोडलीस?’

‘घेतलेलं परत करावं म्हणून.’

‘गुणी बाळ. अरे, ही सर्व्हरने दिलेली. काम संपलं की तोच आवरतो. लग्नात जेवून उठल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवतोस का तू?’

चूक नीट समजून घ्या. माझ्यामुळे ती जागा वेळेआधी मोकळी होई आणि दुसऱ्या अर्जाला मिळे. मग सर्व्हर तीच पुन्हा आवरायला जाई आणि सगळेच कोसळे. मॅडमनी एक ओळ खोडली. सर्व्हर टिकला.

बैठकीत साहेबांनी विचारले, ‘चूक कुणाची?’

‘ओळ काढली, सर,’ मॅडम म्हणाल्या.

‘कुणाची, ते विचारतोय.’

मी उठू लागलो. त्यांनी टेबलाखालून माझी बाही ओढली. ‘माझी. तपासून पास मीच केलं होतं.’

ते अर्धे खरे होते. त्या अर्ध्याच्या आडोशाला मी गप्प बसलो.

माझी नोकरी कायम झाली. मॅडमची बढती त्या वर्षी हुकली, हे मला त्यांनी ऑफिस सोडल्यानंतर कळले. एका रविवारी मी मानखुर्दला त्यांच्या इमारतीत गेलो. काय बोलायचे, ते वाक्यावाक्याने जुळवले होते. दारावर दुसऱ्याच आडनावाची पाटी होती. आत कुकरची शिट्टी झाली. मी थोडा वेळ थांबलो आणि जिना उतरलो.