सोमवारची अळणी खिचडी

पन्नाशी जवळ आली असताना, आयुष्यात पहिल्यांदाच, माझ्या देहाची कोणाला तरी गरज पडली. धाकट्या भावाचे यकृत निकामी होत चालले होते. दारूचा थेंबही त्याने कधी घेतला नव्हता; पण यकृताचा आजार म्हटला की लोक आधी तेच गृहीत धरतात, म्हणून हे न विचारता सांगायची मला सवय झाली आहे. कोणीतरी आपल्या यकृताचा भाग दिला तरच तो वाचणार होता. हैदराबादेत, काचीगुड्याच्या आमच्या घरात आम्ही तिघेच: आई, तो आणि मी. आम्हा दोघांचीही लग्ने झाली नाहीत. यकृत देण्याचे आईचे वय केव्हाच उलटून गेले होते. रक्तगट माझा जुळला.

मग माझा स्कॅन झाला. डॉक्टर पडद्याकडे पाहत सौम्यपणे म्हणाले, "यकृतात चरबी आहे. असे यकृत आम्हाला घेता येणार नाही. वजन उतरवा, चरबी कमी झाली की पुन्हा तपासू. मात्र आपल्याजवळ फार वेळ नाही."

मी लहानपणापासून जाड. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवताना पाठ फिरवली की मागच्या बाकांवरून काय काय बोलले जाते, ते ऐकू येऊनही न ऐकल्यासारखे करणे मला जमून गेले होते. त्या दिवशी ऑटोतून घरी येताना मात्र मला माझ्या पोटाचा विलक्षण राग आला. भाऊ शेजारी बसला होता. डोळे पिवळे, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि पोट पाण्याने तटतटलेले.

"ताई, कायकू एवढी गप्प?" तो म्हणाला. "जन्मभर आईच्या हातचं खाल्लंस, त्याची पावती मिळाली, एवढंच."

"तुला थट्टा सुचतेय."

"मग काय रडू? माझं पोट बघ, तुझं बघ. ऑटोवाला मनात म्हणत असेल, दोन सवाऱ्यांचे पैसे घेतले आणि चार बसल्या."

रुग्णालयातली आहारतज्ज्ञ तरुण तेलुगू मुलगी होती. आम्हा दोघांना समोर बसवून तिने एकाच वेळी दोन उलट गोष्टी सांगितल्या. त्याने खायचे होते: दही, पनीर, डाळी, रात्री झोपण्यापूर्वीसुद्धा काहीतरी, कारण त्याचे मांस झिजत होते. मीठ मात्र जवळजवळ बंद. मी कमी करायचे होते: भात, साखर, तूप, तळण. रात्री ज्वारीची एक भाकरी, भाजी, काकडी आणि सकाळ-संध्याकाळ चालणे. जाता जाता तिने हिंदीत विचारले, "उपवास वगैरे करता का, मॅडम?"

"सोमवार आणि गुरुवार," मी म्हणाले. गुरुवार माझा जुना होता. सोमवार आईने त्याच आठवड्यात भावासाठी माझ्याकडून धरवून घेतला होता.

"आठवड्यात दोन? फारच छान," ती म्हणाली, आणि मलाही ते छान वाटले.

घरात मग नवी रीत सुरू झाली. त्याला मीठ नाही म्हणून आईने सगळ्यांचेच जेवण अळणी केले. त्याला वेगळे वाढले की त्याला आजारी वाटेल, असे तिचे म्हणणे. आईच्या मनगटात आता भाकरी थापण्याचे बळ नव्हते, म्हणून मी संध्याकाळी चालत मलकपेठपर्यंत जात असे. तिथे रस्त्याच्या कडेला बायका चुलीवर ज्वारीच्या भाकरी भाजून विकतात. ऑफिसातून परतणारी, साखर वाढलेली, वजन वाढलेली मंडळी गाड्या उभ्या करून त्या घेतात. त्या रांगेत उभे राहायचा मला आधी संकोच वाटे, मग वाटेनासा झाला. गरम भाकरी कागदात गुंडाळून छातीशी धरून परतताना मनात एवढेच असे, की आतली चरबी उतरते आहे.

पण ती उतरत नव्हती. पहिल्या आठवड्यात काटा जरासा हलला आणि तिथेच थांबला. दुसरा आठवडाही तसाच गेला. भावाच्या पोटातले पाणी मात्र पुन्हा पुन्हा काढावे लागत होते. आहारतज्ज्ञ गोंधळली. तिने मला एकेका वाराचे सकाळपासून रात्रीपर्यंतचे सगळे खाणे सांगायला लावले. मी उपवासाच्या दिवसांपाशी आले.

"सकाळी साबुदाण्याची खिचडी. त्यात दाण्याचं कूट, बटाटा, तूप. रात्री भगर आणि दाण्याची आमटी. मध्ये भूक लागली तर राजगिऱ्याचा लाडू."

तिचे पेन थांबले. "साबुदाणा म्हणजे आमचं सग्गुबियम? उपवासाला? भरपेट?"

तिच्या घरी उपवास म्हणजे दिवसभर पाणी, दूध, फार तर एखादे फळ. पाहुण्यासमोर मांडावे तसे ताट उपवासाच्या नावाने मांडले जाते, हे तिला माहीत असण्याचे कारणच नव्हते. मला मात्र माहीत असायला हवे होते. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च. वर्षानुवर्षे मी मुलांना आयोडिनचा थेंब टाकून तो निळा होताना दाखवला आहे. तरीही आईच्या हातच्या सोमवारच्या खिचडीकडे त्या दृष्टीने पाहावे, असे मला कधी सुचले नाही. उपवासाचे पदार्थ आमच्या घरात अन्नात मोजलेच जात नसत.

ही गोष्ट आईला कशी सांगावी, हे मला कळेना. गॅलरीत भावाला सांगितले, तेव्हा तो इतका हसला की त्याला धाप लागली.

"म्हणजे माझ्यासाठी आई देवाला साकडं घालतेय, आणि तेच साकडं तुझ्या यकृतात जाऊन बसतंय!"

"हळू बोल. ऐकेल ती."

हसू ओसरल्यावर त्याने धाप आवरत कठडा धरला. मग म्हणाला, "तिला नाही सांगायचं, ताई. सोमवार तिचाच आहे. तेवढंच तिच्या हातात आहे. खिचडी येऊ दे. मी बघतो."

पुढच्या सोमवारी आईने दोघांची पाने वाढली: मला खिचडी, त्याला दही-पोळी. ती ताक आणायला आत वळली, तेवढ्यात त्याने माझी ताटली ओढून घेतली आणि आपली काकडीची वाटी माझ्यापुढे सरकवली. अळणी खिचडीवर लिंबू पिळून, हिरवी मिरची चावत, तो भराभर घास घेत होता. लहानपणी त्याच्या पानातली कारल्याची भाजी मी अशीच चोरून खात असे.

"तुला चालेल ना पण?" मी कुजबुजले.

"मला खायला सांगितलंय, तुला नाही. डॉक्टर खूश, देव खूश. आता तोंड हलव, आई येतेय."

आई आली. त्याने परत माझ्यापुढे सरकवलेली रिकामी ताटली पाहून म्हणाली, "आणखी घालू का गं?"

"नको आई, पोट भरलं."

"हिचं पोट भरलं म्हणजे नवलच," भाऊ म्हणाला, आणि आईने त्याला डोळ्यांनीच दटावले.

त्यानंतरचे सगळे सोमवार असेच गेले. गुरुवारचा उपवास मी सोडला. काटा उतरू लागला. सुलतान बाजारातल्या शिंप्याकडे ब्लाउज आत घ्यायला दिले, त्याने आतले कापड न कापता तसेच ठेवले आणि म्हणाला, "रहने दो अम्मा, फिर लगेगा." मला त्याचा राग आला होता. मी पुन्हा जाड होणार नव्हते. भाऊ रोज संध्याकाळी मला दारात उभी करून न्याहाळत असे. "वा! माझा माल चांगला तयार होतोय," म्हणत असे. एकदा त्याने फार हळू विचारले, "ताई, दुखेल गं तुला. भीती नाही वाटत?" मी म्हणाले, वर्गात पहिल्या दिवशी वाटली होती तेवढी नाही. ते खरे होते.

दुसऱ्या स्कॅनमध्ये यकृत चांगले निघाले. डॉक्टरांनी माझ्याशी हस्तांदोलन केले आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. त्या रात्री आईने देवापुढे साखर ठेवली आणि आम्ही तिघांनी ती चिमूटभर खाल्ली, मीसुद्धा.

ठरलेल्या दिवसाच्या आधीच त्याला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू गेले होते. ताप उतरल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नव्हती, आणि तो उतरला नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी माझे निरोगी झालेले यकृत घेऊन बसून होते. आत जायला मिळाले तेव्हा त्याने मला ओळखले की नाही, ते सांगता येत नाही. तो गेला.

तेराव्याला पुण्याहून नातेवाईक आले. बऱ्याच वर्षांनी भेटलेली एक मामेबहीण मला जवळ घेऊन रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर, अगदी आपलेपणाने, म्हणाली, "किती बारीक झालीस गं! छान दिसतेस. काय केलंस? मलाही सांग ना."

"भाकरी खाते. चालते," मी म्हणाले.

"आणि उपवास," भिंतीला टेकून बसलेली आई म्हणाली. "भावासाठी धरलेला सोमवार हिने एकही चुकवला नाही. आपल्याकडून काही कमी पडलं नाही हो. यश नव्हतं, दुसरं काय."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ते पहिले दोन आठवडे हाती लागले असते, तर तापाच्या आधी शस्त्रक्रिया झाली असती का, हे डॉक्टरांना विचारता आले असते. मी विचारले नाही. उत्तर काहीही आले असते, तरी ते घेऊन मला याच घरात, याच बाईसमोर राहायचे होते.

सोमवार सुटला नाही. "त्याच्यासाठी धरला होता, आता त्याच्या नावाने राहू दे," आई म्हणाली. ती आजही सकाळी साबुदाणा भिजला का ते बोटांनी चेपून पाहते, कूट घालते, तूप सोडते, आणि पान माझ्यापुढे ठेवून समोर बसते. ताटली ओढून घेणारे आता कोणी नाही. मी खाते. माझे वजन परतू लागले आहे. शिंप्याने ब्लाउज पुन्हा सैल करून दिले, आणि सुदैवाने तो काही बोलला नाही. जे थोडेसे मी त्याच्यासाठी करू शकले होते, ते दर सोमवारी घासाघासाने पुसले जात आहे. मामेबहिणीने परवा फोटो पाहून फोन केला. "अगं, सोडलंस का सगळं? एवढी मेहनत घेतली होतीस!" मी हो म्हणाले.

आईच्या हाताला मीठ अजून पुरते परत सापडलेले नाही. आमटीत घालते, भाजीत घालते. सोमवारच्या खिचडीत मात्र विसरते. गेल्या सोमवारी मी पहिला घास घेतला तेव्हा ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"मीठ बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे, आई," मी म्हणाले, आणि लिंबू पिळून घेतले.